सुपरचार्जरचं तेल इंजिनपासून वेगळं बसवताना

सुपरचार्जर म्हणजे इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारं यंत्र. स्वतःचं तेल लागणाऱ्या सुपरचार्जरमध्ये तेलाची लाइन हा सगळ्यात स्वस्त भाग. पण तिथे चूक झाली की मरतो तो सगळ्यात महाग भाग. आमचं काम १४ ऑक्टोबर २०२३ ला सुरू झालं आणि १० फेब्रुवारी २०२४ ला संपलं. हातात पाना धरून गेलेले शनिवार सात. बाकीचे आठवडे पार्सलची आणि विमा कंपनीच्या ईमेलची वाट बघण्यात गेले. नव्याने करणाऱ्याला कुठे अडेल आणि का अडेल, हे क्रमाने लिहून ठेवतोय.

गाडी २००१ ची माझदा एमएक्स-५, १८३९ सीसीची, इंग्लंडमध्ये नोंदणी असलेली. सुपरचार्जर रोट्रेक्स या डॅनिश कंपनीचा सी३०-९४, जर्मनीतून वापरलेला घेतला. सोबत ब्रॅकेट आणि पुली होती. तेलाची टाकी, कूलर, फिल्टर आणि नळ्या नव्हत्या. इंटरकूलर, इंजेक्टर आणि ईसीयूचं (इंजिनच्या संगणकाचं) काम वेगळं झालं, ते इथे नाही.

आधी हे तेल वेगळं का, ते सांगायला हवं. ते नीट कळलं की पुढची निम्मी काळजी आपोआप घेतली जाते. या सुपरचार्जरमध्ये इंजिनच्या पट्ट्यावर फिरणाऱ्या पुलीचा वेग ९.४९ पट वाढवून हवा ढकलणाऱ्या पंख्याला दिला जातो, आणि तो वाढवायला आत एकही दात नाही. गुळगुळीत रोलर एका किंचित आखूड कड्यात दाबून बसवलेले असतात आणि एकमेकांना घासत न जाता फिरवतात. दोन पोलादी पृष्ठभागांमध्ये तेलाचा जो पातळ थर असतो, तो त्या प्रचंड दाबाखाली क्षणभर काचेसारखा घट्ट होतो आणि फिरकी पुढे देतो. दाब सरला की पुन्हा पातळ. म्हणजे गिअरच्या दातांचं काम इथे तेल करतं. याला ट्रॅक्शन फ्लुइड म्हणतात; या कंपनीचं एसएक्स १५०. इंजिन ऑइल उलट हेतूने बनवलेलं असतं, घसरावं म्हणून. ते इथे पडलं की रोलर घसरतात, तापतात, त्यांच्यावर ओरखडे उठतात आणि मग युनिट उघडून दुरुस्त करण्यासारखं फारसं काही उरत नाही. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, एटीएफ, तेही चालत नाही.

इंजिनचंच तेल घेणारे सुपरचार्जरही असतात. त्यांना इंजिनच्या ऑइल प्रेशर स्विचपाशी टी (तीन तोंडांचा जोड) लावून तेल देतात आणि ते परत यायला इंजिनखालच्या तेलाच्या भांड्याला भोक पाडतात. परतीची नळी सलग उताराची हवी, कुठेही पोट पडलं तर तेल तुंबून सीलमधून हवेच्या वाटेत जातं. आमच्या प्रकारात त्या भांड्याला हात लावावा लागत नाही, आणि इंजिन ऑइलमध्ये उतरणारं पेट्रोल, काजळीही सुपरचार्जरपर्यंत पोहोचत नाही. बदल्यात टाकी, कूलर, फिल्टर आणि चार-पाच जोड सांभाळावे लागतात.

कागद आधी. इंग्लंडमध्ये असा बदल विमा कंपनीला कळवलाच पाहिजे. न कळवता गाडी रस्त्यावर काढली तर दाव्याच्या वेळी पॉलिसीच हातची जाऊ शकते. चालू कंपनीने सरळ नाही म्हटलं. बदललेल्या गाड्यांचा विमा करणाऱ्या दुसऱ्या कंपनीने बदलांची यादी, अंदाजे अश्वशक्ती, वर्षाचे मैल, काम कोणी केलं आणि बॉनेटखालचे फोटो मागितले. उत्तर यायला ९ दिवस गेले, वर्षाला १८६ पौंड जास्त पडले. यादीत ‘तेलाचा वेगळा कूलर’ हाही वेगळा बदल म्हणून लिहावा लागला, तो विसरू नका. नोंदणीपुस्तकात इंजिन नंबर आणि सीसी बदलत नसल्यामुळे डीव्हीएलएकडे (तिथल्या वाहन नोंदणी खात्याकडे) काही पाठवावं लागलं नाही.

महाराष्ट्रात कोणी हे वाचून हात शिवशिवले तर आधी हे बघा: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केलं. कलम १८२अ(४) खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणजे तिथे हे काम सार्वजनिक रस्त्यावर न येणाऱ्या, फक्त ट्रॅकवरच्या गाडीसाठी.

१४ ऑक्टोबरला युनिट आलं. किंमत आणि पाठवणी मिळून ७१२ पौंड, त्यावर २० टक्के व्हॅट म्हणजे १४२.४० आणि कुरिअरवाल्याची १२ पौंड हाताळणी. ही रक्कम भरल्याशिवाय पार्सल हलत नाही. मेसेज आला त्याच दिवशी भरली तरी चार दिवस लागले. युरोपातून मागवताना जाहिरातीतल्या किमतीत हे धरूनच हिशोब करा.

वापरलेल्या युनिटची पहिली परीक्षा जुन्या तेलाची. आत राहिलेलं तेल कॉफी गाळायच्या पांढऱ्या कागदावर ओतलं, निथळू दिलं आणि अंधारात टॉर्च तिरपी धरून पाहिलं. चमचमणारे कण दिसले असते तर तिथेच थांबलो असतो. कागद मळकट होता पण चमक नव्हती. खालून चुंबक फिरवला, काही सरकलं नाही. पुली हाताने फिरवताना फिरकी सलग लागली, कुठे अडखळ नाही. लगेच दोन्ही तोंडांना प्लॅस्टिकच्या टोप्या लावल्या. यापुढे एक नियम पाळला: जे तोंड त्या क्षणी वापरात नाही, ते बंद.

२८ ऑक्टोबरचा अख्खा दिवस फक्त मांडणीत गेला, आणि तो वाया गेला असं अजिबात वाटत नाही. तेलाची वाट अशी: सुपरचार्जरमधून बाहेर, तिथून कूलर, कूलरमधून टाकी, टाकीतून फिल्टर, फिल्टरमधून परत सुपरचार्जर. पंप सुपरचार्जरच्या पोटातच असतो, पुलीबरोबर फिरतो. त्यामुळे टाकीपासून सुपरचार्जरपर्यंतचा भाग हा ओढणारा भाग, आणि सगळा जीव तिथे. पंपाला ढकलणं सोपं जातं, ओढणं जड. म्हणून ही नळी आखूड, रुंद आणि कमीत कमी वळणांची ठेवली (आमची ४२ सेंमी), आणि टाकी अशी उंचावर की तेलाची पातळी सुपरचार्जरच्या तोंडापेक्षा वर राहील. परतीची नळी लांब झाली तरी चालते, आमची सव्वादोन मीटर आहे.

टाकीच्या मापाचा पुठ्ठ्याचा डबा करून तीन ठिकाणी चिकटवून पाहिला. बॉनेट लावताना आतल्या बाजूला मळलेल्या पिठाचे गोळे ठेवले. बॉनेट दाबून उघडलं की गोळा किती चपटा झाला त्यावरून खरं अंतर कळतं. निदान २५ मिमी सोडा, कारण इंजिन रबरी माउंटवर हलतं. टाकीचं झाकण न वाकता उघडता यायला हवं आणि किमान-कमाल खुणा टॉर्चने दिसायला हव्यात. जे सहज दिसत नाही ते कोणी रोज बघत नाही. एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळून जाणाऱ्या नळीला उष्णतेचं वेष्टण घातलं आणि मधे ॲल्युमिनियमचा पत्रा उभा केला.

कूलर रेडिएटरच्या पुढे, एका कडेला. त्याची दोन्ही तोंडं खाली येतील असा तो बसवू नये. वरच्या नळ्यांत हवा अडकते आणि कूलरचा निम्मा भाग रिकामाच राहतो. तोंडं वर ठेवा, नाहीतर कूलर आडवा बसवून तेल खालून आत आणि वरून बाहेर येऊ द्या. रबरी बुश न घालता थेट पत्र्याला आवळला तर थरथरीने जोडापाशी तडा जातो.

६ नोव्हेंबरला सामान मागवलं. मधे १२ तारखेला लक्ष्मीपूजन, त्यामुळे त्या आठवड्यात गॅरेज बंदच. पार्सलं तीन हप्त्यांत २९ नोव्हेंबरपर्यंत आली. खर्च पौंडांत: तेलाच्या एक-एक लिटरच्या दोन बाटल्या १०४, टाकी ५८, फिल्टर ३४, नवा कूलर ६२, चार मीटर नळी ३२, जोड आणि बॉन्डेड वॉशर (आतल्या कडेला रबर असलेले) ७१, क्लिपा १४, साफसफाईचं सामान १९, टाकीचा पत्रा आणि रबर २३. एकूण ४१७. कूलरवर वीस-पंचवीस पौंड वाचवता आले असते, कारण जुने कूलर भरपूर मिळतात. पण इंजिन ऑइल वाहून गेलेला कूलर कितीही धुतला तरी आतल्या पन्हळींमधून पूर्ण निघत नाही. इथे जुना कूलर, जुनी टाकी, जुनी नळी घेऊच नका. नळी तेलाची, नायट्राइल रबराची घ्या. पाण्याची सिलिकॉन नळी दिसायला देखणी असते, पण तेल तिच्यातून झिरपतं.

२ डिसेंबरला जोडणी. नळी हॅकसॉने न कापता नव्या पात्याने एका झटक्यात कापली. करवतीने रबराचा भुगा आत राहतो. प्रत्येक तुकड्यातून ब्रेक क्लीनर, मग हवा, मग दोरीला बांधलेली धागे न सुटणाऱ्या कापडाची चिंधी ओढली. तिसऱ्या वेळी चिंधी स्वच्छ आली. नव्या कूलरमधूनही आधी थोडं ट्रॅक्शन फ्लुइड हलवून काढून टाकलं. दुसरी बाटली त्यासाठीच होती.

मग आट्यांचा घोळ. कूलरची तोंडं १/४ इंच बीएसपी, म्हणजे ब्रिटिश मापाच्या पाइप आट्यांची. पुरवठादाराने पाठवलेल्या जोडाच्या पिशवीवर ‘१/४’ एवढंच होतं. जोड हाताने दीड फेरा सुरेख गेला, मग जड झाला. इथे पाना लावायचा मोह होतो, कारण जड झालं म्हणजे घट्ट बसलं असं हाताला वाटतं. काढून आटे मोजायची पट्टी लावली. कूलरला इंचाला १९ आटे, जोडाला १८. तो एनपीटी, म्हणजे अमेरिकन मापाचा निघाला. पट्टीचे दात पहिल्या तीन आट्यांत नीट बसलेले दिसतात, चौथ्यापासून उजेडाची फट वाढत जाते. पट्टी दिव्यासमोर धरल्याशिवाय ती दिसत नाही. शिवाय एकाच्या आट्यांचा कोन ५५ अंश, दुसऱ्याचा ६०. जोर लावला असता तर कूलरच्या मऊ ॲल्युमिनियमचे आटे मेले असते आणि दोन फेऱ्यांपुरता धरलेला जोड रस्त्यावर थरथरीने सुटला असता. आटे मोजायची पट्टी ६ पौंडांना मिळते, ती या कामाच्या यादीत पहिली लिहा. बरोबर जोड यायला आणखी १० दिवस लागले. बीएसपीच्या सरळ आट्यांना खाली बॉन्डेड वॉशर, टेप नाही. पांढऱ्या टेपचा एक धागाही सुटला तर फिल्टरच्या पुढे किंवा मागे, कुठेतरी अडकणारच.

१६ डिसेंबरला तेल भरलं. पट्टा चढवण्याआधी टाकीत तेल, मग फिल्टर भरेपर्यंत थांबायचं. फिल्टरवरचा बाण सुपरचार्जरकडे हवा. ओढणारी नळी सुपरचार्जरपाशी सैल ठेवली, तेल दिसल्यावर आवळली. परतीची नळी टाकीपासून काढून तिच्या टोकाला तात्पुरती पारदर्शक नळी लावून ती स्वच्छ बाटलीत सोडली. पुली फिरायच्या दिशेने हाताने फिरवत राहिलो. बराच वेळ काही नाही, आणि कूलर भरायला तेल लागतं हे माहीत असूनही पोटात गोळा येतोच. मग पारदर्शक नळीत एक थेंब, मागे हवेचा लांब तुकडा, मग पुन्हा तेल. तुकडे आखूड होत सलग धार झाल्यावर नळी टाकीला जोडली, पातळी खुणांच्या मधे आणली. सगळं मिळून आमच्या मांडणीत सुमारे ७०० मिली गेलं. ती पारदर्शक नळी गाडीत ठेवू नका, उष्णतेने कडक होऊन तडकते.

पट्टा चढवला, इंजिन सुरू होऊ नये म्हणून गाडीतल्या इंधन पंपाचा फ्यूज काढून दहा-दहा सेकंद तीनदा स्टार्टर मारला. टाकीत धार पडताना दिसली. फ्यूज लावून इंजिन सुरू केलं. वीस सेकंदांत टाकीत फेस दिसायला लागला. तीस सेकंदांनी बंद.

फेस दोन कारणांनी येतो: तेल कमालच्या वर भरलं असेल, किंवा कुठून तरी हवा आत जात असेल. पातळी बरोबर होती. खाली थेंबभरही गळती नव्हती, आणि यातच फसायला होतं. ढकलणाऱ्या बाजूचा जोड ढिला असेल तर तेल बाहेर येतं, दिसतं. ओढणाऱ्या बाजूचा ढिला असेल तर इंजिन चालू असताना तेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. जमीन कोरडी, आणि रोलरना मात्र तेलाऐवजी बुडबुडे. इथे तेलच गिअर आहे, म्हणून बुडबुडा म्हणजे तेवढ्या क्षणापुरता तुटलेला दात.

शोधायला टाकीच्या हवेच्या तोंडाला सायकलचा पंप जोडून अगदी हलका, ०.२ बार दाब दिला (जास्त नाही, सील उलटतं) आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी ब्रशने लावलं. फिल्टरच्या बाहेरच्या तोंडाशी मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक. कारण पुन्हा मापाचं: नळी १० मिमीची, फिल्टरचं तोंड ३/८ इंच, म्हणजे ९.५ मिमी. अर्धा मिलिमीटर. क्लिप कितीही आवळली तरी रबराला एका जागी सुरकुती पडते आणि तिथून हवा जाते. साध्या स्क्रूवाल्या क्लिपचा पट्टा फटीच्या जागी गोल दाबतही नाही.

ख्रिसमसमुळे दुकानं बंद, त्यामुळे पुढचा हात ६ जानेवारीला लागला. ओढणाऱ्या बाजूची नळी ३/८ इंचाची घेतली, सगळ्या क्लिपा सलग पट्ट्याच्या, दोन्ही बाजूंनी सारख्या दाबणाऱ्या लावल्या. फेसाळलेलं तेल परत वापरलं नाही. रात्रभर ठेवलं असतं तर हवा निघून गेली असती, पण जोड उघडताना त्यात काय पडलं हे सांगता येत नाही. ते पालिकेच्या पुनर्वापर केंद्रातल्या वापरलेल्या तेलाच्या टाकीत फुकट घेतात. पुन्हा पहिल्यापासून भरलं, पुन्हा ०.२ बार, पुन्हा साबण. काही नाही. १३ जानेवारीला इंजिन सुरू केलं तेव्हा टाकीतली धार सलग होती, वर दोन-चार बुडबुडे, तेही पाच मिनिटांत विरले. ती धार बघून जो जीव भांड्यात पडला, तो नंतर पहिल्यांदा बूस्ट (सुपरचार्जरने दाबलेल्या हवेचा दाब) आला तेव्हाही पडला नाही.

२० जानेवारीला रस्त्यावर. परतीच्या नळीत कूलरच्या आधी तापमानाचा सेन्सर घातला होता. बाहेर ६ अंश, मोटरवेवर ताशी ७० मैलांना तेल ४८ अंशांवर स्थिर. लांब चढावर बूस्टमध्ये ६७ पर्यंत, उतारावर सहा-सात मिनिटांत परत खाली. पुस्तिकेतली कमाल मर्यादा डॅशवर चिकटवून ठेवा म्हणजे आकडा बघून विचार करावा लागत नाही. थंडीत तेल दाट असतं, तेव्हा ओढणाऱ्या बाजूवर ताण जास्त येतो. पहिली पाच मिनिटं आम्ही ३,००० आरपीएमच्या वर जात नाही. याच कारणाने पुलीचं गणितही आधी करा: ७,२०० आरपीएमला पुलीचा वेग गुणिले ९.४९ हा आकडा पंख्याच्या १,००,००० च्या मर्यादेत हवा. क्रँकची पुली १३५ मिमी आणि सुपरचार्जरची ९५ मिमी धरून आमचा ९७,१०० च्या आसपास येतो. लहान पुली लावून जास्त बूस्ट काढायचा असेल तर आधी हा गुणाकार.

पुढे काय दिसलं तर थांबावं: वरच्या आरपीएमला बूस्ट चढण्याऐवजी घसरायला लागला तर आधी पट्टा बघा, पट्टा ठीक असेल तर तेल. तेल अचानक काळपट झालं किंवा त्यात चमक आली तर इंजिन चालवू नका. बूस्टच्या नळीत तेल आढळलं तर टाकीच्या झाकणातली हवेची वाट बुजली आहे का ते पाहा. ती बुजली की दाब सीलवर जातो. टाकीतली पातळी कायम गाडी थंड असताना आणि सपाट जागी वाचा.

१० फेब्रुवारीला एमओटी, म्हणजे इंग्लंडमधली सक्तीची वार्षिक तपासणी. फी ५४.८५ पौंड. या वयाच्या गाडीला वाढवलेल्या आरपीएमवर सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ठरलेल्या मर्यादेत, एचसी (न जळलेलं इंधन) २०० पीपीएमच्या आत आणि लॅम्डा (हवा-इंधनाचं प्रमाण) ०.९७ ते १.०३ मधे हवा. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) जागेवर असेल आणि ट्यूनिंग नीट असेल तर सुपरचार्जरमुळे यात अडचण येत नाही. तपासनिसाने तेलाच्या नळ्या कुठे घासतात का ते हाताने हलवून पाहिलं. एका ठिकाणी नळी रेडिएटरच्या कडेला टेकत होती, ती त्याने टिपून दिली. घरी येऊन तिथे रबरी पट्टी आणि आणखी एक क्लिप बसवली.

५०० मैलांनंतर फिल्टर उलटा करून कागदावर निथळवला. रबराचे दोन बारीक कण, धातू नाही. नवा फिल्टर लावला. टाकीवर पिवळी चिठ्ठी चिकटवली आहे, तेलाचं नाव, भरल्याची तारीख आणि खाली ठळक अक्षरांत: इंजिन ऑइल घालू नये. गाडी सर्व्हिसला दुसऱ्याच्या हातात गेली की टाकीत तेल कमी दिसल्यावर समोरचा कॅन उचलणारा माणूस चांगल्या मनानेच उचलतो, म्हणून एसएक्स १५० ची उरलेली बाटली डिकीत ठेवली आहे आणि चिठ्ठीवर तेही लिहिलं आहे.